कडी

कारवान जातीचा कुत्रा घरात आला की शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न त्याच्या फासळ्यांविषयी असतो. याला खायला घालत नाही का? जात मुळातच सडपातळ आहे, हे सांगून पटत नाही. दुसऱ्याच्या घरातली उपासमार माणसाला लवकर दिसते.

ही जात माणसानेच पिढ्यानपिढ्या निवडून घडवली. लांब पाय, खोल छाती, दूरची हालचाल टिपणारे डोळे. सशामागे सुटावे, एवढेच तिच्याकडे मागणे होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला. 1991 च्या दुरुस्तीने ती जवळजवळ संपवली. योग्यच झाले. मात्र कायदा पायांना वाचून दाखवता येत नाही.

काम सरल्यावर उरलेल्या ताकदीचे काय करायचे, हा प्रश्न एकट्या कुत्र्याचा नाही. निवृत्त माणसे जुन्याच वेळेला जागी होतात. अंघोळ करून तयार होतात. मग ओट्यावर बसतात.

हा कुत्रा राहतो ते कारंजा (घाडगे) धावणाऱ्यासाठी फारसे सोयीचे गाव नाही. नागपूर-अमरावती महामार्ग त्याला लागून जातो. आसपास संत्र्याचे बगीचे आहेत, तालुक्याच्या कडेला बोर व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. वावरात रोही उतरतात, रानडुकरे उतरतात. जागलीवरचा गावठी कुत्रा भुंकतो आणि वेळेवर मागे सरतो. शहाणपण बहुतेक वेळा इतकेच असते. कारवान भुंकत बसत नाही. सुटतो.

सुटल्यावर त्याला हाक ऐकू जात नाही. कान शाबूत असतात. सारा जीव डोळ्यांत गेलेला असतो. लोक त्याला बेइमान म्हणतात. हुकूम पाळण्यालाच इमान समजायची सवय जुनी आहे. घरच्या माणसांच्या बाबतीतही हीच गल्लत होते, आणि ती ध्यानात यायला बहुधा उशीर होतो.

त्याच्या अंगावर चरबी नाही, केस आखूड. पौषातल्या थंडीत त्याला गोधडी लागते. मे महिन्यात डांबर पोळते, म्हणून फिरवणे उजाडण्याआधी. दरवर्षी रेबीजची लस. प्रेमाचा मोठा भाग असा कंटाळवाणा असतो. तो ज्यांच्या वाट्याला येत नाही, ते प्रेमावर छान बोलतात.

याच कुळातल्या मुधोळ हाउंडचे 2005 साली टपाल तिकीट निघाले. जागा देण्यापेक्षा गौरव करणे नेहमीच स्वस्त पडते.

कारवानला मोकळे सोडावे तर जीव जाण्याची भीती. बांधावे तर ज्यावर भाळलो तेच मारायचे. वेगाच्या कौतुकाने आणलेला प्राणी माणूस साखळीला अडकवतो आणि त्याला माया म्हणतो. शिकून मोठा हो म्हणून पुण्याला पाठवलेल्या मुलाला दर रविवारी परत कधी येतोस म्हणून विचारणारी घरे या तालुक्यात पुष्कळ आहेत. त्यांचेही चुकते असे म्हणवत नाही.

कारवान आलेल्या या घरात झोपण्यापूर्वी फाटकाची कडी दोनदा पाहतात. पूर्वी एकदाच पाहत.