कल्पनेचे ऋण

कथाकाराने कितीही अचाट कल्पना करावी; तिला आमची हरकत नसते. मेलेले माणूस परत येवो की काळाचे चक्र पुढे-मागे फिरो, एवढे एक गृहीत आपण रसिक बिनतक्रार मान्य करतो. परंतु या मान्यतेबरोबरच कथाकारावर एक ऋण चढते. त्या कल्पनेतून जो मानवी प्रश्न उभा राहतो, त्याकडे त्याला पाठ फिरविता येत नाही. हे ऋण बुडविल्याचे उदाहरण म्हणून हॅरी बावेजा यांचा २००८ मधील 'लव्ह स्टोरी २०५०' हा हिंदी चित्रपट विचारात घेण्याजोगा आहे.

नायक करण याची प्रेयसी सना अपघातात मरण पावते. त्याच्या शास्त्रज्ञ काकांनी कालयंत्र तयार केले आहे. त्यातून तो २०५० सालच्या मुंबईत पोहोचतो, आणि तेथे त्याला हुबेहूब सनासारखी दिसणारी झीशा ही गायिका भेटते. ती सनाचाच पुनर्जन्म, असे चित्रपट सांगतो.

येथे एक गंभीर नैतिक प्रश्न उभा राहतो. झीशाला स्वतःचे नाव आहे, स्वतःचा काळ आहे, स्वतःचे आयुष्य आहे. दुसऱ्या कोणाच्या विरहावर उतारा म्हणून तिने हे सारे मागे टाकावे काय? 'तू सनाच आहेस' असे तिला सांगणे हे प्रेम, की तिचे स्वतंत्र अस्तित्व नाकारणे?

चित्रपटाला मात्र या प्रश्नापाशी थांबायला सवड नाही. पूर्वार्ध ऑस्ट्रेलियातील प्रणयात रमतो. पुढे उडत्या मोटारी, यंत्रमानव आणि कालयंत्र बळकावू पाहणारा डॉ. होशी यांची गर्दी होते. या साऱ्यात झीशा हे केवळ मिळवावयाचे बक्षीस ठरते. कथनाचा विस्कळितपणा आपण सहसा कारागिरीतील उणीव समजतो. येथे ती नैतिक उणीवही आहे, कारण लक्ष उडते ते एका माणसावरूनच.

करमणुकीच्या चित्रपटाकडून एवढी अपेक्षा कशाला, असे कोणी म्हणेल. पण बिमल रॉय यांचा 'मधुमती' (१९५८) हाही लोकप्रिय करमणुकीचाच चित्रपट होता. त्यातही मृत प्रेयसीसारखी दिसणारी माधवी आहे. खुन्याकडून कबुली मिळविण्यासाठी ती मधुमतीचे सोंग घ्यावयास तयार होते. पण माधवी ही माधवीच राहते. मधुमतीची रिकामी जागा तिच्याकडून भरून घेण्याचा मोह कथा आवरते. पुनर्जन्माची कल्पना तेथेही आहे. पण तिच्यासाठी दुसऱ्या स्त्रीचे 'मी' पुसले जात नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील रुरूची कथा तर याहून अचाट. सर्पदंशाने गेलेली प्रमद्वरा परत यावी म्हणून रुरू आपले अर्धे आयुष्य देऊन टाकतो. ती कथा छोटी आहे, पण तिचे लक्ष ढळत नाही. कारण परतीची किंमत कोणी मोजली, हे ती स्पष्ट सांगते. करणच्या कथेत ही किंमत झीशाच्या आयुष्यातून वळती होते, आणि तिची नोंदही कोठे होत नाही.

आम्हा चांदनीकरांना बऱ्हाणपूर काही लांब नाही. चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल १६३१ मध्ये तेथेच निवर्तली. तापीपलीकडे जैनाबादेत तिला तात्पुरते दफन करण्यात आले आणि काही महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. शाहजहानच्या प्रेमाविषयी मतभेद असू शकतील. पण कबर बांधणे म्हणजे गेलेले माणूस गेले, हे कबूल करणे होय. दुःखाला स्मारक उभारण्याचा अधिकार आहे. जिवंत माणसाला स्मारक करण्याचा नाही.

कल्पनेने मृत्यूवर जरूर मात करावी. मात्र तसे करताना समोर उभे असलेले जिवंत माणूस तिच्या नजरेआड होऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.