पायाखालचा साग

घराच्या जमिनीला लाकूड वापरावं की नाही, हा प्रश्न दुकानात सुटत नाही. तिथं फक्त भाव ठरतो. नारायणगावच्या आमच्या घराची माडी नव्यानं करायचं ठरलं, तेव्हा सूनबाईनं पार्केचा नमुना आणून ओट्यावर ठेवला. सागाचे वीतभर तुकडे, माशाच्या काट्यासारखे तिरपे जुळवलेले. देखणं काम. सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "झाड कुनाचं व्हतं?" दुकानदारानं दिलेल्या कागदावर कंपनीचं नाव होतं, जाडी होती, वॉरंटी होती. झाडाचा पत्ता नव्हता.

सासूबाई पश्चिम आंबेगावातल्या. आहुपे, भीमाशंकर या पट्ट्यात अजून देवराया उभ्या आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७६ साली पश्चिम घाटातल्या देवरायांवर लेख लिहिला आणि अभ्यासकांचं लक्ष इकडं वळलं. सासूबाईंना लेखाची गरज नव्हती. देवराईतली वाळकी काटकीही देवाला विचारल्याशिवाय उचलायची नाही, हे त्या चालायला लागल्या तेव्हापासून जाणतात. पण त्याच पट्ट्यात भाताच्या राबासाठी फांद्या छाटतात, घराला तुळया लागतात, चुलीला सरपण लागतं. झाड तोडलं की पाप लागलं, इतका सोपा हिशेब तिथं कुणी मांडत नाही.

शास्त्रही तो मांडत नाही. वास्तुशांत कशासाठी करतात? घर बांधताना जमीन खणली, दगड फोडले, झाडं तोडली, किडामुंगी मेली, त्या दोषाच्या परिहारासाठी. दोष घडला नाही असं तिथं कुणी म्हणत नाही. तो घडलाच, हे धरूनच विधी सुरू होतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत देवमूर्तीच्या लाकडासाठी वनात कसं जावं ते सांगितलं आहे. कोणती झाडं तोडायची नाहीत, याची यादी आधी येते. मग निवडलेल्या झाडाची पूजा करायची आणि त्यावर राहणाऱ्या भूतांना दुसरीकडं वस्तीला जाण्याची विनंती करायची.

आमच्या जुन्नर तालुक्यात हा प्रश्न निराळ्या वाटेनंही येऊन गेला आहे. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा अशा डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि तिथं बौद्ध भिक्खू राहत. विनयाच्या नियमांनुसार भिक्खूनं जिवंत झाड तोडणं हा दोष. त्या नियमामागची कथा अशी, की एक भिक्खू झाड तोडू लागला, झाडावरची देवता नको म्हणाली, त्यानं ऐकलं नाही आणि कुऱ्हाड तिच्या लेकराला लागली. देवता तक्रार घेऊन बुद्धांकडं गेली. राहत्या जागेबद्दलही विनयात बारीक नियम आहेत. पाय न धुता आत यायचं नाही, नीट केलेल्या जमिनीवर थुंकायचं नाही. मानमोडीच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात करंज आणि वड लावण्यासाठी दिलेल्या जमिनीची नोंद आहे. देणारा शक होता. डोंगर कोरून राहणाऱ्यांसाठी कुणीतरी झाडांची सोय करून ठेवत होतं.

आता कुणी म्हणेल, विचारून घेतलं काय आणि न विचारता घेतलं काय, झाड मेलंच. मग हे विचारणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं नाही का? शंका रास्त आहे. सगळं ठरवून, सुतार बोलावून, आगाऊ रक्कम देऊन मग नारळ फोडला, तर ती समजूतच. पण भिक्खूच्या कथेतली देवता नको म्हणते. वराहमिहिराच्या यादीत वगळलेली झाडं आहेत. देवराईतला देव नकार देऊ शकतो आणि दिला तर गाव मुकाट्यानं परत फिरतं. समोरच्याला नाही म्हणता येत असेल, तरच विचारण्याला अर्थ. दुकानात आपल्याला नाही कोण म्हणतं? आपला खिसा तेवढा. जिथं खिशाखेरीज कशालाच नकाराचा हक्क उरत नाही तिथं धर्म संपतो, असं माझं मत आहे. मग पायाखाली लाकूड असो की संगमरवर.

निर्दोष जमीन शोधायला निघाल्यावर हे लवकर कळतं. शहाबादी फरशी येते ती कर्नाटकातल्या खाणींतून. चकचकीत टाइल गुजरातेत मोरबीला बाराशे अंशांच्या भट्टीत भाजून निघते. सारवलेल्या जमिनीचं गुणगान पुण्यातले पाहुणे फार करतात. त्यांनी आठवड्याला एकदा गुडघ्यांवर बसून पोतेरं फिरवावं, मग बोलावं. त्या जमिनीची किंमत बायकांच्या कमरांनी मोजली आहे.

लाकडाची छपाई असलेली टाइल घेऊन मोकळं व्हावं, असं आमच्या ह्यांचं मत पडलं. सूनबाई म्हणाली, ती नक्कल आहे. मला ते पटलं नाही. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या शेजारच्या चैत्यगृहात जाऊन छताकडं पाहावं. तिथल्या कमानदार फासळ्या लाकडाच्या वाटतात, पण आहेत दगडाच्या. कार्ल्याला खऱ्या लाकडाच्या फासळ्या दोन हजार वर्षं टिकून आहेत. जुन्नरच्या कारागिरांनी तोच घाट खडकातून काढला. नकलेत खोटेपणा असतोच असं नाही. आपण काय घातलं आहे ते सांगायची लाज वाटली, की खोटेपणा येतो.

शेवटी लाकूड निघालं ते आमच्याच गोठ्याच्या माळ्यावरून. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. सासूबाईंच्या माहेरचं घर त्याच पाण्यात गेलं. पाणी चढण्याआधी भावांनी घर उतरवलं आणि उंबऱ्यासकट तुळया बहिणीकडं आणून टाकल्या. सागाच्या, धुरानं काळ्या पडलेल्या, खिळ्यांच्या भोकांनी भरलेल्या. त्यांच्या सलग लांब फळ्या निघणार नाहीत, असं सुतार म्हणाला. पार्केला मात्र लांब फळी लागतच नाही. भोकं टाळून वीतभर तुकडे काढता येतात.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "झाडाचा जीव गेला तवाच गेला. तुळई खुशाल घ्या. पन उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. आईनं त्याला रोज हळदकुंकू वाह्यलंय." सुतार म्हणत होता, सगळ्यांत घट्ट लाकूड उंबऱ्याचंच. तरी तो बाजूला काढला. देवघराखालची फळी म्हणून तो आता बसवला आहे.

बाकीचं काम सुतारानं रीतसर केलं. तुकडे सावलीत वाळवले, वाळवीचं औषध दिलं, पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून भिंतीलगत फट सोडली. ही जमीन रोज बादलीभर पाण्यानं धुवायची नाही, हे घरात सगळ्यांना बजावून सांगावं लागलं. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात याच्या उलट झालं होतं. तिथला संगमरवर धुतल्याचं पाणी झिरपून खालच्या तुळया कुजायला लागल्या, म्हणून १६८४ साली संगमरवर काढून पार्के बसवलं.

खालच्या मजल्याला हात लावला नाही. आग्नेय कोपऱ्यातल्या फरशीखाली वास्तुपुरुष आहे. तो आहे तिथंच राहावा, असं सगळ्यांना वाटलं. शिवाय खालची शहाबादी अजून धडधाकट आहे. माडीपुरतं लाकूड, तेही घरचं जुनं. खाली आहे तीच फरशी. ज्यांच्या गोठ्यावर अशा तुळया नाहीत, त्यांनी मोडलेल्या वाड्यांचं लाकूड पाहावं. तेही मिळालं नाही, तर साधी फरशी घालावी आणि पाय धुऊन घरात यावं.