वाघरीतला ससा

आमच्या घरात शिकार हा शब्द कुणी वापरत नसे. चुलते म्हणायचे, "चल रं, रानात जाऊन येऊ." त्याचा अर्थ आम्हा पोरांना कळायचा आणि आजीलाही कळायचा. आजी माळकरी. घरातल्या चुलीवर मटण चढू द्यायची नाही. मग अंगणात तीन दगड मांडून, जर्मनच्या वेगळ्या पातेल्यात ते शिजायचं आणि पातेलं गोठ्यातच राहायचं.

1972 च्या दुष्काळात मी आठ-नऊ वर्षांचा होतो. कंधारच्या आसपासचं माळरान पांढरंफटक पडलेलं, मन्याडच्या पात्रात नुसती वाळू. माय-बाप खडी फोडायला जायचे. घरात लाल मिलोची भाकर, नाहीतर सुकडी. त्या वर्षी चुलत्यांनी वाघर लावून जे ससे, जे तितर आणले ते आम्ही हाडं चोखून खाल्ले. आजी अंगणातल्या चुलीपाशी आली, "लेकराला रस्सा जास्त वाढ" म्हणाली आणि पाठ करून बसली. त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, हे मला पुढं मास्तर झाल्यावर कळलं. त्या सशांचं मला आजही काही वाटत नाही. खोटं कशाला लिहू?

वाटतं ते नंतरच्या एका सशाबद्दल. दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. ज्वारी चांगली पिकली होती, कणग्या भरल्या होत्या. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दहा-बारा जण चार कुत्री घेऊन निघालो. झुडपांच्या कडेनं वाघर ताणली आणि पलीकडून डबडी वाजवत निघालो. ससा उठला. त्यानं दोनदा कुत्र्यांना चकवलं आणि दोन्ही वेळा मी आनंदानं ओरडलो. तो सुटावा म्हणून नव्हे. पळापळ आणखी चालावी म्हणून. तिसऱ्यांदा तो वाघरीत गुरफटला. चुलते म्हणाले, "धर." मी धरला. ससा एरवी मुका, पण हातात आला आणि तान्ह्या लेकरागत किंचाळला. त्याचं काळीज माझ्या तळव्याखाली धाडधाड उडत होतं. मान मुरगळली ती मीच. सगळ्यांनी पाठ थोपटली.

सोलताना कळलं, मादी होती. पोटात दोन पिलं.

बारा जणांत एक ससा. वाट्याला अंगठ्याएवढा तुकडा आला. घरी आलो तर आजीनं एवढंच विचारलं, "भूक लागली होती का रं?"

पुढं माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं, अशी फासेपारध्यांची रीत त्यांनी नोंदवली आहे. ज्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमात ठरवलं, ज्यांच्या कपाळावरचा तो शिक्का 1952 ला पुसला गेला (कायद्यातून, गावाच्या मनातून कुठं?), त्यांचं पोट शिकारीवर, तरी त्यांना रीत होती. आमची पोटं भरलेली आणि रीत कसलीच नाही. भुकेला कुठंतरी थांबावं लागतं, उद्याही रानातच जायचं असतं. मौजेला उद्याचं काय पडलंय?

एवढं कळल्यावर मी सुधारलो असं म्हणता आलं असतं. पण चार वर्षांमागं रानडुकरांनी भुईमूग उकरला. रात्रीत अर्धा एकर. जुन्या साड्यांचं कुंपण केलं, फटाके उडवले, जागल केली. शेजारचा म्हणाला, "गुरुजी, पिठात गोळा ठिवा." म्हणजे बारुदाचा गोळा. डुकरानं चावला की जबडा उडतो आणि जनावर तसंच दोन-दोन दिवस फिरतं. गाईचंही तोंड गेलेलं मी पाहिलंय. नाही म्हणालो. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला परवानगी काढून मारायची सोय कायद्यात आहे. अर्ज केला, खेटे घातले, कागद निघाला. बंदूकवाला आला तेव्हा बॅटरी मी धरली होती. उजेडात डुक्कर थबकलं, बार झाला, ते कोसळलं आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. माळावर निघाला होता तोच. पन्नाशी कधीच उलटलेला माणूस, कागद खिशात, नुकसान खरं, तरी तोच आवाज. सकाळी गावात मी 'बंदोबस्त केला' असं सांगत फिरलो.

नातू सुट्टीत आला होता. म्हणाला, "आबा, खाल्लं का मग?"

"नाही. पुरलं."

"मग मारलं कामून?"

त्याला बांधावर नेऊन उकरलेला भुईमूग दाखवला. त्याला पटलं. बॅटरी कुणी धरली होती हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता त्या तुकड्यात करडई पेरतो. काटेरी असते, डुकरं सहसा शिरत नाहीत. काढणीला मात्र माणसं मिळत नाहीत.