वर्गातला वेळ कोणाचा?

चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल असे असते, की चार ओळी वाचायला त्याला अख्खा तास पुरत नाही. शिक्षकाने त्याला दहा मिनिटे जास्त दिली, तर ती उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या हक्कातून काढली असे होते का? स्टाफरूममध्ये हा सवाल निघतो, आणि विचारणारे काही निर्दय नसतात. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात तो जास्तच टोचतो. 'लातूर पॅटर्न'मुळे साध्या घरांतली मुले डॉक्टर झाली, हे कबूल. पण जिथे मिनिटाचा हिशेब गुणांत होतो, तिथे सावकाश शिकणारे मूल घाट्याचेच ठरते.

आपल्याकडे या सवालाचा एक जुना दाखला आहे. हजरत मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. ते मानले तर त्यांच्यामागे कितीतरी लोक येणार होते. तेवढ्यात अंध सहाबी इब्न उम्मे मक्तूम काही शिकायला आले. त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही, म्हणून 'अबस' ही सूरह उतरली. हिशेब बहुतांच्या भल्याचाच होता. तरी जो शिकायला आला होता, त्याचा हक्क मोठा ठरला. हेच सहाबी पुढे मुअज्जिन झाले, आणि पैगंबर बाहेर असताना मदिनेची जबाबदारीही त्यांनी सांभाळली.

हक्काची ही गोष्ट कायद्यातही आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. परीक्षेत तासामागे वीस मिनिटे जादा मिळतात. लोक त्याला सवलत म्हणतात. मला हा शब्द खटकतो. चष्म्याला कोणी सवलत म्हणते का?

आता शिकवण्याची रीत. आमच्या उर्दूत बे, पे, ते, टे, से यांचा सांगाडा एकच; फरक वरखालच्या खुणांचा. शब्दात जाताच अक्षर आकार बदलते, आणि जेर-जबर बहुधा लिहिलेलेच नसतात. ज्या मुलाचे नुक्ते डोळ्यांपुढे हलतात, त्याला आपण 'कुंदजेहन' म्हणून मोकळे होतो. त्याला वाळूत बोटाने अक्षर गिरवू द्यावे, नुक्त्याच्या जागी चिंचोका ठेवू द्यावा, एका वेळी एकच अक्षर द्यावे. कोणी म्हणेल, याने बाकीच्यांचाही फायदा होतो. होतो, पण ते कारण मला कमजोर वाटते. फायदा झाला नसता, तर काय त्याचा हक्क संपला असता?

रीत म्हणजे काही ईमान नव्हे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, पण ब्रेलमध्ये तीच डावीकडून उजवीकडे वाचतात. ब्रेलमधला कुरआनही तसाच वाचला जातो, आणि त्याने कलामात रतीभर फरक पडत नाही.

मात्र सगळ्यांना एकाच वर्गात बसवा, या घोषणेवरही माझा भरवसा नाही. ज्या वर्गात खुणांची भाषा कोणालाच येत नाही, तिथे मूकबधिर मूल बाकावर असते, वर्गात नसते. त्याला आपल्यासारख्यांची सोबत मिळणारी वेगळी शाळाच बरी. अध्ययन अक्षमतेच्या मुलाचे तसे नाही. त्याची जागा आपल्याच वर्गात आहे. फिरते विशेष शिक्षक अनेक शाळा सांभाळतात, ते येतील तेव्हा येतील. मधल्या दिवसांत ती दहा मिनिटे वर्गशिक्षकानेच काढायची असतात.