विळीवरचा पाय

माझ्या भाच्याकडे रिमोटवर चालणारी गाडी आहे. तिला खेळणं म्हटलेलं त्याला खपत नाही. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची ती गाडी. तिचे स्क्रू, शॉक ॲब्झॉर्बर, गिअर, सगळं तो स्वतः खोलतो आणि लावतो. पुढची चाकं वळवायला तिच्यात एक छोटी मोटर असते. तिला सर्व्हो म्हणतात. चारेक सेंटीमीटर लांबीची डबी. तिला दीड मिलिसेकंदाचा विजेचा ठोका मिळाला की ती सरळ राहते. ठोका एक किंवा दोन मिलिसेकंदांकडे सरकला की ती या नाहीतर त्या कडेला वळते. गाडी नीट वळत नाही म्हणून भाच्याने पॉकेटमनी साठवून सहा किलोच्या सर्व्होऐवजी पंधरा किलोचा आणला. हे किलो वजनाचे नव्हेत, जोराचे. एक सेंटीमीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला किती ओढ लागते, त्याचे. इतका जोर आणूनही गाडी पहिल्यासारखीच आळसावलेली वळत होती. त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

गेल्या रविवारी त्याने ती टेबलावर घेतली. उचलून धरली की चाकं झटकन वळायची. खाली ठेवली की रेंगाळायची. मग तो म्हणाला, “मामा, चाकं घट्ट धर. मी रिमोट फिरवतो.” मी धरली. चाकं हलली नाहीत, पण आतली मोटरच एका अंगाला कलली! स्क्रू घट्ट होते. ज्या प्लॅस्टिकच्या कानांवर ती बसवली होती, ते कान वाकत होते. नव्या मोटरचा बराचसा जोर स्वतःचीच बैठक वाकवण्यात जात होता. नवी मोटर नव्हे, ही बैठक आधी बदलायला हवी होती. त्याने ॲल्युमिनियमचे दोन छोटे तुकडे बसवले. धातूत जाणारे स्क्रू सैल पडू नयेत म्हणून त्यांना थ्रेडलॉकचा एकेक थेंब लावला. मोटर तीच, रिमोट तोच, आणि गाडी पार्किंगच्या खांबाला सुरेख वळसा घालून आली.

मला आजीची विळी आठवली. लाल भोपळा चिरायला बसली की आजी आधी विळीच्या पाटावर पाय दाबायची, मग भोपळ्याला हात घालायची. लहानपणी मी एकदा पाय न ठेवताच जोर लावला आणि भोपळ्यासकट विळी कलंडली. आजी रागावली नाही. माझा पाय उचलून तिने पाटावर ठेवला, एवढंच. आता मोठेपणी मी भोपळा चिरत नाही, पण पाय विसरण्याची खोड गेलेली नाही. सकाळी घरात घाई होते, की माझा आवाज चढतो. मुलांना मी दोनदाऐवजी पाच वेळा हाका मारतो. गजर अर्धा तास अलीकडे ओढतो. म्हणजे सहा किलोच्या जागी पंधरा किलो. आणि घाई कशाची असते? डब्याचं झाकण सापडत नाही, किल्ली कुठल्याशा खिशात राहिलेली असते, पाण्याची बाटली रिकामी असते. हे सगळं रात्रीच्या पाच मिनिटांचं काम. ते झालेलं असलं की सकाळी साधा आवाजही पुरतो. रविवारी संध्याकाळी मी आठवड्याचे बेत आखतो तेव्हा तर सगळंच छान वळतं, कारण तेव्हा गाडी उचललेली असते. सोमवारी चाकं जमिनीला टेकतात आणि कुठला कान वाकतो ते कळतं. तेव्हा स्वतःवर चिडण्यापेक्षा मोटर कुठे कलते आहे तेवढं बघावं. बहुतेक वेळा गोष्ट अगदी किरकोळ निघते. अपुरी झोप, वेळेवर न विचारलेला एखादा प्रश्न, डगमगणारी खुर्ची.

मी उत्साहाने म्हणालो, “मग आता सगळंच धातूचं करून टाक. कुठे काही वाकायलाच नको.” भाच्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. मोटर आणि चाकांच्या मध्ये सर्व्हो सेव्हर नावाचा एक स्प्रिंगवाला भाग असतो. चाक कुठे आपटलं की तो क्षणभर सैल पडतो, म्हणून मोटरचे दात वाचतात. तो काढायचा नसतो. बसायची जागा घट्ट हवी आणि धक्का सोसायची जागा थोडी मऊ. हे त्याने मला स्क्रू शोधता शोधता सांगितलं, जणू कोणालाही ठाऊक असतं. (आजीचंही तसंच. पाय पाटावर पक्का, पण भोपळ्याची साल कडक लागली की हात सैल सोडून ती फोड फिरवून घ्यायची.) दुपारी गाडी कट्ट्यावर जाऊन आदळली. पुढची चाकं एका बाजूला गेली आणि स्प्रिंगने परत सरळ आणली. भाच्याने गाडी उलटी केली, बोटाने मोटर हलवून पाहिली. ती जागची हलली नव्हती. त्याने गाडी पुन्हा जमिनीवर ठेवली.