दया आणि दंड

न्यायाधीशाच्या दयेचाच कोणी कपटाने उपयोग करून घेऊ लागला, तर न्यायाधीशाने दया सोडून द्यावी काय? मादक द्रव्ये चोरून देशात आणणाऱ्यांना शिक्षा सुनावताना इंग्लंडच्या न्यायालयांपुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहिला.

१९८२ साली अरामा खटल्यात सरन्यायाधीश लॉर्ड लेन यांनी असे मत मांडले की, माल वाहून आणणाऱ्याच्या पूर्वीच्या निष्कलंक वर्तनाला इतर गुन्ह्यांतल्याइतके महत्त्व देता येणार नाही. कारण टोळीचे सूत्रधार मुद्दाम अशीच माणसे हेरतात की, ती पकडली गेली तरी न्यायालयाला त्यांची कणव यावी. हा तर्क सहज खोडता येण्यासारखा नाही. न्यायालय जितके कनवाळू, तितकी एखादी गरीब, लेकुरवाळी स्त्री सूत्रधाराच्या अधिक सोयीची!

तथापि अशा स्त्रीला सूत्रधाराने एकदा साधन म्हणून वापरलेले असते. इतरांना धाक बसावा एवढ्याचसाठी तिची शिक्षा वाढविली, तर ती दुसऱ्यांदा साधन ठरते. मनुष्याला दंड व्हावा तो त्याच्या स्वतःच्या अपराधाच्या मापाने. दुसऱ्याच्या कपटाच्या मापाने नव्हे.

२०१२ साली तेथे लागू झालेल्या मार्गदर्शक नियमांनी मालाच्या वजनाबरोबर आरोपीची भूमिकाही मोजावयास घेतली. सुमारे १ किलोग्रॅम हेरॉइन आणल्यास सूत्रधाराच्या शिक्षेचा हिशेब ११ वर्षांपासून सुरू होतो. धाकाने वा भोळेपणाने ओढल्या गेलेल्याचा ६ वर्षांपासून. त्यानंतर पश्चात्ताप, गंभीर आजार, कोवळे वय, मुलांचा एकटीवर असलेला भार यांचा विचार होतो. मुलांमुळे आईचा अपराध कमी होत नाही हे खरे. परंतु तिच्या दंडाचा भार निरपराधांवर किती पडू द्यावा, हे पाहणे न्यायाचेच काम आहे.

आपल्या देशातील १९८५ च्या कायद्याने २५० ग्रॅमहून अधिक हेरॉइनसाठी किमान १० वर्षांची सक्तमजुरी ठरविली आहे. सूत्रधाराला २० वर्षांपर्यंत शिक्षा देता येते. पण केवळ ओझे वाहणाऱ्यासाठीही न्यायाधीशाला दहाच्या खाली उतरता येत नाही.

व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरांचा विसर कोणालाच पडू नये. म्हणूनच ६ वर्षांचा कारावासही लहान नाही. मात्र त्या घरांना न्याय मिळावयाचा, तर अपराध कोणाचा आणि किती हे आधी नीट पाहिले पाहिजे. आणि तसे पाहणाऱ्या दयेला दुबळेपणा म्हणता येणार नाही.