वादळ वळो, ही प्रार्थना

2 जून 2020 रोजी अरबी समुद्रावरील कमी दाबाचे क्षेत्र तप्त जलाची ऊर्जा शोषून ‘निसर्ग’ चक्रीवादळात परिणत झाले, आणि हरिहरेश्वरापासून दमणपर्यंतचा किनारा त्याच्या मार्गात असल्याचा इशारा हवामान खात्याने दिला, तेव्हा दमणगंगेकाठच्या सिल्वासात, किनाऱ्यापासून काही कोस आत असूनही, ‘देवा, हे संकट दुसरीकडे वळव’ एवढेच मागणे मनात यावे, हे स्वाभाविकच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अधिक तीव्र झालेले ते वादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरावर आदळले. पिढ्यांनी जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. मग आमची प्रार्थना फळली असे म्हणावे काय? तेथील बागायतदारानेही त्याच देवाला आळवले असेल. वाऱ्यांच्या प्रवाहांनी ठरविलेल्या दिशेला ईश्वराचा पक्षपात समजणे मला ईश्वरनिंदेसारखे वाटते. पुढच्याच वर्षी, 17 मे 2021 च्या रात्री, ‘तौक्ते’ चक्रीवादळ दीव-उना किनाऱ्यावर आले. सिल्वासा आणि दीव तर एव्हाना एकाच केंद्रशासित प्रदेशात होते; म्हणजे ‘दुसरीकडे’ वळलेले वादळही आपल्याच माणसांवर आले.

प्रार्थना त्याज्य आहे, असे मी म्हणत नाही. ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितले ते अखिल प्राणिमात्रांसाठी, आणि संकटाच्या घटकेलाही मागण्याची मर्यादा तेवढीच विशाल असावी: वादळ कोठेही आदळो, खलाशी वेळेत बंदरात परतावेत, कच्च्या घरांतील माणसे सुरक्षित स्थळी पोहोचावीत, आणि जे बचावले त्यांनी पंचनामे होण्याची वाट न पाहता पडलेल्या बागांकडे निघावे.